मोटारीचं जू

दयारामजींच्या मोटारीत बसायचं म्हणजे आधी झुकायला शिकावं लागे. रस्त्याला वळण आलं की समोरची नजर न हलवता ते ओरडत, "डावे!" आणि गाडीतल्या यच्चयावत माणसांनी डावीकडे अंग टाकायचं. पुढचं वळण उजवीकडचं असलं की, "उजवे!" यात कुणाला सूट नव्हती. एकदा मी एका वरातीसोबत त्यांच्या गाडीत होतो. नवरदेव बाशिंग सांभाळत ताठ बसलेला. दयारामजींनी गाडी भर रस्त्यात उभी केली, मागे वळले आणि म्हणाले, "नवरदेव, लगन तुह्यं हाये, पण गाडी माही हाये. झुकत असशीन त बस, नाई त पायी ये." पुढच्या वळणावर नवरदेव इतका मनापासून झुकला की त्याचं बाशिंग करवलीच्या मांडीवर जाऊन पडलं. दयारामजी आरशात पाहून म्हणाले, "आता जमलं!"

मी तेव्हा साकोलीच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर होतो आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. दयारामजी धानाचे व्यापारी. पण धान ही नुसती पोटाची सोय; जीव सगळा शंकरपटात. हिवाळ्यात आमच्या भागात गावोगाव बैलजोड्यांच्या शर्यती लागतात, तो शंकरपट. कुठली जोडी आधी पोचली यावरून डोकी फुटायची वेळ आली की निकालाला दयारामजींना बोलावणं जाई. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू ते बैलासारखी पारखत. आमच्या शाळेत नवे हेडमास्तर आले, तर त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळून मला हळूच म्हणाले, "शिंगं चांगले हाये, पण खांदा कच्चा हाये." साहेब वर्ष संपायच्या आत बदली करून घेऊन गेले. सगळा गाव दयारामजींना मामाजी म्हणे, मीही म्हणू लागलो.

मोटार त्यांनी नागपूरच्या एका लिलावात घेतली होती. काळी, अवजड, कधीकाळची विलायती. तिच्या नाकावरचं नाव पार पुसून गेलं होतं. बसायला गादीसारखी मऊ, आणि तोच तिचा दोष. सरळ रस्त्यावर तिच्यासारखी गुणी गाडी नाही; पण जरा वळण आलं की बाहेरच्या बाजूला अशी लवायची की आतल्या माणसाला वाटे, आता दार उघडून आपण तलावात. झुकण्याची कवायत त्यातूनच निघाली होती.

ही मोटार लग्नसराईत भाड्याने जाई, पण घेतली होती ती त्यासाठी नव्हे. एकदा ओसरीवर सुपारी कातरता कातरता ते मला म्हणाले, "मास्तर, घरचीले लगनात आणलं तवा धानाच्या गाडीत आणलं. पोत्यावर बसवून. तिच्या भावानं तवाच म्हटलं, जावयानं बाई नेली का धान? तवापासून ठरवलं, एक दिवस तिले मोटारीत पुढं बसवीन, बाजूले, आन तिच्या माहेरच्या दारात नेऊन उभी करीन." एवढं बोलून ते इतके लाजले की सुपारी माझ्याऐवजी अडकित्त्यालाच देऊ लागले.

घरची म्हणजे सगुणामामी. माहेर लाखांदूरकडचं. तिकडचा रस्ता एकेका तलावाला वळसा घालत जातो. मोटार घेतल्याबरोबर दयारामजींनी मामींना पुढे बसवून नेलं. गाव सगळा बघायला जमला. भावजय आरतीचं ताट घेऊन पुढे आली. मोटारीचं दार उघडलं, मामी उतरल्या, आणि त्यांना जी भडभडून उलटी झाली ती नेमकी त्या ताटात. दिवा विझला. भाऊ म्हणाला, "जावयबापू, धानाची गाडी बरी होती!" मामींनी तोंड पुसलं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, "मले गाडी लागते. ह्या गाडीत मी आता बसत नाई. बैलगाडी बरी. बैलाले आपली लाज रायते." परतीला त्या खरोखरच भावाच्या बैलगाडीतून आल्या, आणि दयारामजी रिकाम्या मोटारीतून त्यांच्या मागे मागे, बैलाच्या चालीने.

तेव्हापासून त्यांना दुसरा ध्यास नव्हता. मामींच्या भाचीचं लग्न पुढच्या वैशाखात धरलं होतं. त्या घरची रीत अशी की पहिली हळद आत्याने लावायची. तोवर गाडीचं झुकणं थांबलं पाहिजे आणि मामी बाजूला बसल्या पाहिजेत. हायवेवरच्या हबीबमिस्त्रीने नागपूरहून कुठल्याशा दुकानाचं इंग्रजी माहितीपत्रक आणलं आणि ते माझ्यासमोर आलं. मी इंग्रजीचा मास्तर असलो तरी मला कविता येत होत्या, मोटारी नव्हे. तरी चित्रं बघत बघत अर्थ लावला. गाडीच्या पोटाखाली एक वाकवलेली पोलादी दांडी आडवी बसवायची, तिचं एक टोक डाव्या चाकाकडे, दुसरं उजव्या. वळणावर एक बाजू दबू लागली की दांडी पिळवटते आणि दुसरीलाही खाली ओढते, म्हणून गाडी लवत नाही.

दयारामजी ताडकन उभे राहिले. "अरे मास्तर, हे त जू हाये! एक बैल दबला त दुसऱ्याच्या खांद्याले समजते. आमचे चाकं आतापावेतो बिनजुवाचे पळून राहिले होते. मग गाडी झुकन नाई त का करन?" मी मान डोलावली. मला त्या माहितीपत्रकापेक्षा हे जास्त समजलं होतं.

नागपूरच्या दुकानात दांड्या निवडण्याचा तो सोहळा मी जन्मभर विसरणार नाही. दुकानदाराने तीन दांड्या पुढे मांडल्या: बारीक, मधली, जाड. दयारामजी त्यांच्याभोवती फिरले. एकेकीवर थाप मारली, कान लावून ऐकलं, हात फिरवला. मग विचारलं, "हिचा स्वभाव कसा हाये?"

"स्वभाव? सेठ, लोहा है," दुकानदार म्हणाला.

"मारकी त नाई न?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. बिचाऱ्याने परोपरीने सांगितलं की गाडीचे रस्ते खराब असतील तर मधली घ्या आणि पुढच्या चाकांना लावा. दयारामजी हसले. "पटावर मधला बैल घेऊन कोणी जाते का? सगळ्यात जाडी बांध." आणि येताना बसमध्ये ती दांडी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "हे काय जी?" तर म्हणाले, "सुनबाई हाये, पहिल्यांदा घरी चालली."

हबीबमिस्त्री ती पुढे लावायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं. "मिस्त्री, पटाचा छकडा हाकणारा कुठी उभा रायते?"

"मागं, जी."

"मग जोर कुठी असते?"

"मागं, जी." हबीब दयारामजींना नाही म्हणत नसे, तो कुणालाच नाही म्हणत नसे, म्हणून त्याचं गॅरेज चालायचं.

"त लाव मागं."

ते रोवण्याचे दिवस होते. बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पाण्याने भरलेल्या, बाया रांगेने वाकून धान रोवत होत्या, गाणी चालली होती. तलावाजवळच्या वळणावर दयारामजी ओरडले, "कोणी झुकू नोका! आता झुकाचं काम नाई!" गाडीत मी एकटाच होतो, मी झुकलो नाही. गाडीही झुकली नाही, सुतभरसुद्धा नाही. फक्त तिच्या मागच्या भागाला वाटलं की आज आपण आधी पोचावं. ओल्या रस्त्यावर शेपटी गर्रकन पुढे आली, तलाव उजवीकडचा डावीकडे गेला, आणि आम्ही अत्यंत ताठ मानेने, उलटे, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, घसरत एका बांधीत जाऊन बसलो. गाणं थांबलं. मग एका म्हातारीने विचारलं, "मामाजी, चिखल कराले बैल नाई भेटले का?" त्या बाया इतक्या हसल्या की अर्धा रोवणा तिथेच थांबला. दयारामजी दार उघडून गुडघाभर चिखलात उतरले, गाडीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "पण झुकली का? सांगा. झुकली का?"

मग तीच जाड दांडी पुढे आली. आता शेपटी गुणी झाली, पण गाडीने नवा हेका धरला. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही उसळी घेई. एकाने खावं आणि दुसऱ्याने ढेकर द्यावा तसं. आणि वळायचं नावच नको. दिवाळीनंतर अड्याळच्या मंडईला गेलो. मंडई म्हणजे जत्रा, दंडारीची नाटकं, खाण्यापिण्याची दुकानं, पाहुणे. रस्ता डावीकडे वळला, दयारामजींनी चाक डावीकडे वळवलं, आणि गाडी सरळ गेली. माणसं दोन्हीकडे पळाली. जिलेबीच्या कढईपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. मग दयारामजींनी काच खाली केली आणि थंडपणे म्हणाले, "किलोभर दे रे. घ्याचीच होती."

जिलेबी घरी आणली तर मामींनी विचारलं, "आज कुठी घुसले?" बातमी आमच्या आधी पोचली होती. त्या हसत होत्या, पण दयारामजींनी त्या दिवशी जिलेबीला हात लावला नाही. मला म्हणाले, "वैशाख काही दूर नाई, मास्तर. ती पुन्हा बैलगाडीतच जाईन. अन् तिचा भाऊ पुन्हा तेच म्हणन." एरवी दुनियेला झुकायला लावणारा हा माणूस त्या ओसरीवर इतका उतरून बसलेला मला पाहवेना.

उत्तर सापडलं ते त्यांच्याच पटावर. हिवाळ्यात एका गावी शर्यत होती. दोन्ही बैल देखणे, पण जोडी मध्येच अडखळली आणि एक बैल दुसऱ्याला ढुशा मारू लागला. दयारामजी निकालाची जागा सोडून धावले, जुवाला हात लावला आणि जोरात हसायलाच लागले. मालकाला म्हणाले, "अरे, इतकं आवळून बांधलं जू? घट्ट बांधलं त बैल एकमेकाले मारते. ढिलं बांधलं त दोघं दोन गावाले जाते. थोडं खेळू दे त्याईले!" मग मला गर्दीतून ओढून बाहेर काढलं. "मास्तर, चला नागपूरले. मधली आणू." निकाल कुणी दिला कुणास ठाऊक, आम्ही बसस्टँडवर होतो.

मधली दांडी आली, टोकांना जाड रबर लावून पुढच्या चाकांना बसली, आणि त्या काळ्या गाडीला अक्कल आली. वळणावर ती किंचित लवे, नमस्कार केल्यासारखी, आणि लगेच सावरे. ज्या चाकाला खड्डा, त्यानेच तो सांभाळावा. दयारामजींनी परीक्षाही घेतली. मामींच्या जागेवर ताकाने भरलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवला, दोरीने बांधला आणि तलावाला फेरी मारली. गंज जसाच्या तसा. तो डोक्यावर घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "पाय, थेंब नाई सांडला! आता बस."

मामींनी चुलीपुढून मान वर केली. "मी का ताक आहो का?"

पण बसल्या. बहुधा त्यांनाही दया आली असावी. मी मागे बसलो. पहिलं वळण छान गेलं. दुसरं गेलं. दयारामजी हसू आवरत होते. तिसऱ्या वळणाच्या आधीच मामींनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "थांबवा जी."

गाडी थांबली. मामी खाली उतरून उकिडव्या बसल्या. दयारामजी तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. पाण्यात पाणकोंबड्या फिरत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी मामीच तोंड धुऊन त्यांच्याजवळ आल्या. "तुमी नोका उदास होऊ. गाडी नाई झुकली. माहंच पोट तसं हाये."

"दांडीत दोष नाई मंग."

"नाई." मग त्यांनी विचारलं, "तुमाले काहून नाई लागत जी कधी?"

"माह्या हातात चाक असते न. मोड कवा येते ते मले आधी मालूम रायते."

"मंग चाक मले द्या."

हे त्या चिडून म्हणाल्या की चेष्टेने, मला अजून सांगता येत नाही. दयारामजी आधी हसले. मग हसायचे थांबले. बायकोकडे त्यांनी तसं पाहिलं जसं ते पटावर एखाद्या अनोळखी खोंडाकडे पाहत: खांदा, पाय, डोळा. "नऊवारीत क्लच दाबता येईन का?" त्यांनी विचारलं.

"रोवणा करता येते, क्लच का मोठा हाये?"

पटाचं मैदान रिकामं पडलं होतं. लांब, सरळ, सपाट. तिथे मामी शिकल्या. गावातली अर्धी माणसं बघायला येत आणि टाळ्या वाजवत. दयारामजी बाजूला बसून शिकवत, "रेस हळू दे, बैलाले आर नाई टोचून राहिलीस!" पण वळणावर मामी घाबरत. मधेच पाय उचलत, मधेच ब्रेक दाबत, आणि गाडी बुचकळून जाई. त्यावर त्यांचं एकच सांगणं असे: "मोडाच्या आधी हळू हो. मोडात शिरली की भेऊ नोको, रेस धर. खाली जू हाये, ते सांभाळते." आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या सगळ्या दिवसांत मामींना एकदाही गाडी लागली नाही. चाक हातात आल्याबरोबर ते पोट शहाणं झालं.

वैशाखात आम्ही लग्नाला निघालो. मामी चाकावर, दयारामजी बाजूला, मी मागे अहेराच्या गाठोड्यासोबत. माणूस स्वतः हाकत नसला की रस्ता कसा असतो हे दयारामजींना त्या दिवशी प्रथम कळलं. पहिल्या तलावापाशी त्यांनी दाराची मूठ धरली. दुसऱ्यापाशी त्यांच्या कपाळावर घाम आला. मी विचारलं, "मामाजी, बरं आहे ना?" ते म्हणाले, "मस्त हाये," आणि डोळे मिटून घेतले. माहेरच्या दारात मामींनी गाडी अशी उभी केली की धूळसुद्धा उडाली नाही. भावजय आरतीचं ताट घेऊन पुढे आली, मग काय आठवलं कोण जाणे, दोन पावलं मागे गेली. पण मामी ऐटीत उतरल्या, ओवाळून घेतलं, कुंकू लावून घेतलं. आणि दुसऱ्या दारातून दयारामजी तोंडावर हात धरून निंबाच्या झाडामागे पळाले.

भाऊ पोट धरून हसला. "जावयबापूले लागली का जी गाडी?"

झाडामागून आवाज आला, "लागू दे! आणलं का नाई पुढं बसवून?" आणि मग स्वतःच इतके हसले की त्यांना पुन्हा उमासे आले. हळद लावताना मामींच्या तळव्याला पेट्रोलचा वास येत होता म्हणे. भाची अजून सांगते.

त्यानंतर चाक बहुधा मामींकडेच राहिलं. दयारामजी बाजूला बसत, तोंडात आवळासुपारी धरून, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत, "डायवर ठेवली हाये. खाऊन-पिऊन." दांडीवरून तर ते प्रवचनच देत. गावात कुणा नवरा-बायकोचं भांडण त्यांच्यापुढे आलं की म्हणत, "जाडी दांडी नोको, बारीक नोको. मधली लाव, अन् टोकाले रबर लाव." बाहेरच्या माणसाला त्यातलं अक्षर कळत नसे, पण भांडणं मिटत.

माझी बदली झाली तरी मी सुट्टीत साकोलीला जातच राहिलो. अशाच एका सुट्टीत, भर दुपारी, जेवता जेवता दयारामजींच्या छातीत कळ आली. गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली आणि सांगितलं, लगेच भंडाऱ्याला न्या. मामींनी हातसुद्धा धुतला नाही. मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि मामींनी गाडी हायवेला घातली.

सरळ रस्त्यावर त्या भरधाव नेत होत्या. पण वळण आलं की गाडी पार रांगायला लागे. नवऱ्याला हिसका बसेल म्हणून त्या पुन्हा पाय उचलत, ब्रेक दाबत. मला रडू येत होतं. लाखनीच्या अलीकडे पुन्हा वळण आलं आणि पुन्हा गाडी मंदावली. माझ्या मांडीवर ते डोकं हललं. इतक्या वर्षांत त्यांना बायकोला नावाने हाक मारताना मी ऐकलं नव्हतं. 'घरची' नाही तर 'अवो'. दवाखान्यातून ते परत आले नाहीत, त्यामुळे त्या वळणावर माझ्या कानांनी ऐकलेली हाक पहिली आणि शेवटची ठरली.

"सगुणा," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण त्यात पटावरचा रुबाब तसाच होता. "मोडावर भेऊ नोको. मी लावलं हाये न खाली जू. दाब रेस."

मामींनी डोळे पुसले नाहीत, मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी रेस दाबली.